गाडीचा दम

आमच्या घरची शर्यतीची, पटाची शेवटची बैलजोडी विकली गेली आणि त्याच महिन्यात दारात पिकअप आली. डिझेलवरची, चारही चाकांना जोर असलेली, सेकंडहँड. दोन्ही निर्णय माझे होते. बाबूजींनी विरोध केला नाही, फक्त ते त्या गाडीत बसले नाहीत. दवनीवाड्याहून गोंदियाला जायचं असलं की मी अंगणात गाडी चालू करून उभा, आणि ते माझ्यासमोरून छत्री काखेत मारून एसटीच्या थांब्याकडे. असं दीड वर्ष चाललं.

मला ते लागत होतं. शेजारची डावी सीट रिकामी घेऊन मी गोंदियाला जायचो आणि बाजारात आमची गाठ पडली तर दोघंही भाजीचे भाव बोलायचो.

बाबूजी तरुणपणी शंकरपटाचे धुरकरी होते, म्हणजे शर्यतीत बैल हाकणारे. पटाच्या जोडीला काय चारायचं, किती दिवस आधी कामातून सोडायचं, कोणत्या बैलाला शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. पुढे त्यांचे गुडघे गेले, शेतात कापणीचं मशीन आलं, आणि गोठ्यात नुसती उभी राहणारी जोडी मी विकायला लावली. हिशेबाने ते बरोबरच होतं.

हौस मात्र त्यांचीच माझ्यात उतरली होती. पिकअप ओझं ओढत होती, पण मला ती पळायला हवी होती. ओल्या बांधीतून धानाची पोती घेऊन निघताना तिला दम लागतो, असं कारण मी लोकांना सांगायचो. खरं कारण असं की बालाघाट रोडवर एक जुनाट जीप मला मागे टाकून गेली होती, आणि तिच्यात बकऱ्या होत्या.

महिनाभर मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. इंजिनाला जास्त हवा कशी द्यायची, याचे तीन रस्ते होते. एक, बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूसारखा फिल्टर. त्याचा आवाज ऐकूनच मी अर्धा भुललो. दोन, थेट टपापर्यंत नेलेली हवेची नळी. तीन, कंपनीच्याच बंद डब्यात बसणारा, तेल लावलेल्या कापसाचा फिल्टर.

गोंदियातल्या माझ्या मिस्त्रीला तिन्ही दाखवले. तो हातातला पाना न ठेवताच बोलला, "दिवसभर राईस मिलच्या आवारात उभा राहतो तू. उघडा फिल्टर लावशील तं इंजिनले कोंड्याची भाकर चारशील. कागदी फिल्टर टाक, टाइमावर बदल, आन चूप बस."

चूप बसणं माझ्या स्वभावात नाही. उघडा फिल्टर मी सोडला, नळीही सोडली, कारण गावात तिची शोभा झाली असती. पण कागदावर माझं समाधान होईना. बंद डब्यातला कापसाचा फिल्टर घेतला.

मग इंजिनाची सेटिंग बदलायला रायपूरहून एकजण लॅपटॉप घेऊन आला. मी म्हटलं, "पूरा खोल दो." त्याने आधी गाडीत किती ओझं भरतो, क्लच कधी बदलला, ते विचारलं आणि मान हलवली. "थोड़ा ही दूँगा भैया. जितना हजम होगा उतना." फिल्टरसोबत आलेल्या छोट्या शिशीतलं लाल तेल त्याने कापसावर अगदी बेताने सोडलं आणि बजावलं, छह महीने इसको हाथ मत लगाना.

तो गेल्यावर मी डबा बंद करत होतो, तेवढ्यात बाबूजी बॉनेटपाशी येऊन उभे राहिले. दीड वर्षात पहिल्यांदा.

"काय पाजून राहिला तिले?"

"तेल हाय, बाबूजी. कापसाले लावलं का धूळ अडकते, साफ हवा आत जाते."

"मंग?"

"मंग दम वाढते."

मी घाईत होतो, नाहीतर आणखी काही बोललो असतो. डब्याचे चार चिमटे मी कसे लावतो ते त्यांनी वाकून पाहिलं आणि निघून गेले.

दोन महिने गाडी अशी पळाली की मी विनाकारण साकोलीपर्यंत जाऊन आलो. संक्रांतीनंतर मात्र ती जड झाली. कचारगडच्या यात्रेआधी तिकडच्या एका दुकानदाराचा तांदूळ घेऊन निघालो, तर दरेकसाच्या चढावर तिने काळा धूर सोडला, समोर पिवळा दिवा लागला आणि ती रांगायला लागली. एक एसटी मला ओलांडून गेली. खिडकीतली माणसं माझ्याकडे बघत होती. मी तिथूनच रायपूरला फोन लावला आणि त्या माणसाच्या लॅपटॉपचा, त्याच्या शिक्षणाचा यथेच्छ उद्धार केला. तो सगळं ऐकून म्हणाला, "पहले फिल्टर देखो." चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

मिस्त्रीने डबा उघडला. कापसाच्या घड्या एकमेकींना चिकटल्या होत्या, वर पिवळसर चकचकीत साय. नखाने वाजवलं तर टकटक वाजलं. मिस्त्रीने फिल्टर नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

"जवसाचं तेल होय हे. घरचं."

आमच्याकडे उभ्या धानातच जवस फेकतात. धान निघाल्यावर मागच्या ओलीवर ते येतं, आणि त्याचं तेल घरोघरी असतं. हवेत ते वाळून पापुद्रा धरतं, म्हणून तर बैलगाडीच्या लाकडाला लावतात. माझं इंजिन इतके दिवस रंगवलेल्या लाकडी पाटातून श्वास घेत होतं. हवा मोजणारी आतली बारीक तारसुद्धा तेलाने माखली होती.

घरी बाबूजी अंगणात लाखोळीची डाळ पाखडत बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही.

"संक्रांतीपासून दर रविवारी अर्धी वाटी. पटाच्या जोडीले नळकांड्यानं पाजत होतो, तसंच. तुया शिशीत होतंच केवढं?"

"बैल हाय का थे?" मी ओरडलो. "समजत नाही तं कायले हात लावता?" शेजारची माणसं बाहेर येऊन बघायला लागली.

ते सुपाकडे बघत बोलले, "धाप लागून राहिली होती तिले. तू आत बसते, तुले आयकू येत नाही. मी बाहेरून आयकतो."

म्हणजे तेलामुळे ती धापा टाकायची, आणि ती धापा टाकते म्हणून ते आणखी तेल पाजायचे. यावर हसता आलं असतं. पण रविवारी मी दुपारचा झोपलेला असताना, जिच्याकडे ते ढुंकून बघत नाहीत असं मी समजत होतो, त्या गाडीचे चार घट्ट चिमटे त्यांनी उघडले होते, दर आठवड्याला. मला माझ्याच ओरडण्याची लाज वाटली.

मिस्त्रीने तार साफ केली आणि म्हणाला, "आता तरी कागदी टाक. तेलाची भानगडच नको."

त्याचं बरोबर होतं. आमच्या धुळीत कागदीच चांगला, हे मला तेव्हाही कळत होतं. मी परत कापसाचाच मागितला.

"काऊन?" त्याने विचारलं. मी पैसे मोजायला लागलो.

घरी येऊन लाल तेलाची शिशी मी बाबूजींच्या हातात दिली. "हेच लावाचं. सहा महिन्यांतून एकडाव. थोडंसंच." त्यांनी बूच काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग एकेका घडीवर थेंब सोडत गेले. त्यांना बराच वेळ लागला. मी एकही सूचना केली नाही, जे मला सोपं नव्हतं. चिमटेही त्यांनीच लावले.

मी गाडी चालू केली. ते कानामागे हात धरून बॉनेटभोवती फिरले.

"असं उभ्यानं समजत नाही," ते म्हणाले, आणि डावीकडचं दार उघडून वर चढले. गुडघ्यामुळे त्यांना दोनदा जोर लावावा लागला. छत्री पायांत उभी धरली. एसटीच्या थांब्यापाशी आल्यावर मी सवयीने वेग कमी केला.

"धरून काऊन राहिला?" बाबूजी समोर बघत म्हणाले. "सोड आता."