पाहुणे आले आणि होम प्लेट

किळस येते मला, अजूनही. बेसबॉलच्या मैदानावर शाल-श्रीफळाचं ताट दिसलं की मी तोंड फिरवते.

मी नाशकात खेळ शिकवते आणि अंपायरिंगही करते. नव्या अंपायरांना आधी हेच सांगते: बाबांनो, चेंडूकडे प्रेक्षक बघतात. आपण बघायचं ते धावणारीचा हात किंवा पाय जिथे टेकणार तिथे. चेंडू ग्लोव्हात बसल्याचा आवाज कानावर सोडा.

आणि आमचे हे ज्येष्ठ सर! मुलींच्या फायनलला ते होम प्लेटमागे, धाव पुरी होते तिथे, पंच होते, मी तिसऱ्या बेसवर. गुण बरोबरीत, शेवटचा डाव. माझ्या बेसवर हरसूलची पोर उभी. या वयोगटातलं तिचं शेवटचं वर्ष. ती होमला पोचली की सामना खिशात आणि संघ राज्य स्पर्धेला.

फटका बसला, पोर सुटली. नेमकी तेव्हाच पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. आपल्याकडे पाहुणे आले की सगळं थांबतं. ढोल वाजला, फोटोवाला ओरडला, "सर, इकडे!" सरांनी मास्क वर केला, मान वळवली आणि चक्क हसले. मागे पोरीनं धुळीत अंग झोकलं. कॅचरचा ग्लोव्ह तिला लागायच्या आत तिचा पंजा प्लेटवर होता. सरांनी नुसता चेंडूचा आवाज ऐकला आणि मूठ उगारली. आउट!

मी धावत गेले. "सर, मला विचारा ना, मी पाहिलंय." त्यांनी विचारल्याशिवाय मला बोलायचा अधिकार नाही.

"मॅडम, पाहुणे उभे आहेत. तमाशा नको."

बरोबरीमुळे जादा डाव झाला, त्यात समोरच्यांनी सामना नेला. पोर खरचटलेला तळवा घेऊन माझ्याकडे आली. "लय आधी लागला व्हता हात, मॅडम. सर कुठं बघत व्हते?" काय सांगू, कप्पाळ! तिकडे सरांना उत्कृष्ट पंच म्हणून शाल घालणं चाललं होतं. थू!

दुसऱ्या दिवशी सरांनीच अंपायरांच्या ग्रुपवर फोटो टाकला. पुढे हसणारे सर, मागे प्लेटवर पोरीचा पंजा आणि वीतभर वर ग्लोव्ह. खाली अंगठेच अंगठे, 'अभिनंदन सर'! माझं डोकंच फिरलं. मी फोटो कापला, फक्त पंजा, प्लेट आणि ग्लोव्ह ठेवला आणि परत टाकला.

सरांचं लगेच उत्तर आलं, "मॅडम, यात मी कुठे आहे?"