शहनाझने दिलेल्या दोन बातम्या

शहनाझच्या पोटात काही राहत नाही, असं तिच्या सासरी म्हसळ्याला सगळे म्हणत. ते अर्धंच खरं होतं. बातमी तिच्या पोटात राहत नसे हे बरोबर, पण ती जशीच्या तशी बाहेरही पडत नसे. ऐकणाऱ्याचा चेहरा बघून शहनाझ बातमीला जरा वळण द्यायची. नवी नवरी म्हणून दुबईजवळच्या अजमानला आली तेव्हा ऐन जुलैत घरातला एसी बंद पडला होता, आणि ही फोनवर आईला सांगत होती की इथली हवा छान आहे, खिडकी उघडली की समुद्राचा वारा येतो. आईला नीट झोप लागावी, एवढाच हेतू. बाईने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती जे जे बोलून गेली ते सगळं खरं असतं, तर तिच्या सगळ्या नातेवाइकांची मुलं पहिली आली असती आणि कुणालाही कधी साधा तापसुद्धा आला नसता.

नवरा यूनुस रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात सुपरवायझर. पहाटे कंपनीच्या गाडीने जायचा तो संध्याकाळी यायचा. बायकोची ही सवय त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळली होती. तो हसून सोडून द्यायचा. कारखान्यात दिवसभर लोकांच्या चुका दाखवणाऱ्या माणसाला घरी तेच करायचा कंटाळा येत असेल.

त्यांची एकुलती मुलगी सफा शारजातून बायोमेडिकलची डिग्री घेऊन बाहेर पडली. मार्क उत्तम. पुढे मेडिकल, हे घरात कुणी कधी ठरवलंच नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. डिग्रीनंतर मेडिकलला घेणाऱ्या एका कॉलेजात तिने अर्ज केला, परीक्षा दिली, इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. त्या दिवशी शहनाझने रोजा ठेवला. मग एका सकाळी मेल आला. यंदा सीट देता येत नाही, अर्ज आणखी भक्कम करून पुढच्या वर्षी जरूर यावं. भक्कम म्हणजे नेमका कसा, हे मात्र त्या मेलमध्ये कुठे लिहिलं नव्हतं.

तिथूनच गोंधळ सुरू झाला. सफाचे प्रोफेसर म्हणाले, दोन वर्षांचं मास्टर्स कर, तोवर मेडिकलसाठी प्रोफाइल तयार होईल. त्यांनीच शब्द टाकला आणि मास्टर्सची एक सीट तिला मिळालीही. पण बरोबरच्या मैत्रिणी म्हणाल्या, मार्क तुझ्याकडे आहेतच, पेशंट कुठे पाहिलेस तू? एक वर्ष गॅप घे, एखाद्या क्लिनिकमध्ये राहा, लोकांत वावर, आणि पुन्हा अर्ज कर. सफाने इंटरनेटवर पाहिलं तर तिथे मास्टर्स करून मेडिकलला लागलेले सापडले, गॅप घेऊन लागलेले सापडले, आणि दोन्ही करून न लागलेलेही सापडले.

"एक वर्ष घरी बसायचं?" शहनाझने विचारलं होतं.

"घरी नाही अम्मी. क्लिनिकमध्ये."

"मग नोकरी म्हण ना सरळ."

"जॉब नाही. एक्सपिरियन्स."

"पगार?"

"नो."

"या अल्ला," शहनाझ म्हणाली, आणि विषय तिथेच राहिला.

यूनुसने कारखान्यातल्या इंजिनियरला विचारलं, मशिदीत भेटणाऱ्या फार्मासिस्टला विचारलं, आणि घरी येऊन सांगितलं, "दोघं वेगवेगळं बोलतायत. इन्शाल्ला, जे होईल ते चांगलंच होईल." एवढं बोलून त्याने काखा वर केल्या. सफा रोज जेवताना अम्मीला विचारायची, "व्हॉट डू यू थिंक?" आणि शहनाझ रोज तिच्याकडे बघून म्हणायची, "तुला बरं वाटेल ते कर, बेटा." हे प्रेमाने म्हटलेलं होतं. पण त्यातून सफाच्या हाती काही लागत नव्हतं.

आता शहनाझने बाहेर काय केलं ते सांगायला हवं. मेल आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिफ्टमध्ये रोशनभाभी भेटली. रोशनभाभी वरच्या मजल्यावरची, तिची हिबा मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला. तिने विचारलं, "सफाचं काय झालं?" हिबाच्या आईसमोर नाही मिळाली म्हणायला शहनाझची जीभ रेटेना. ती म्हणाली, "सफा आधी मास्टर्स करतेय. मेडिकल नंतर. तिलाच रिसर्चची आवड, आपण कशाला अडवायचं?" रोशनभाभीने मुबारक म्हटलं. शहनाझला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात म्हसळ्याहून नणंदेचा, सुरैय्याआपाचा फोन आला. आपाला मास्टर्स सांगून काय उपयोग? तिच्या लेखी शिक्षण दोनच प्रकारचं, डॉक्टरचं आणि इतर. शहनाझ म्हणाली, "सीट पक्की झाली, आपा. पण कॉलेज पुढच्या वर्षी सुरू होणार. तोवर पोरगी एक वर्ष मोकळी आहे." पुढच्या वर्षी मिळणारच आहे, मग आत्ता सांगितलं तर काय बिघडलं, असा तिचा हिशोब. शिवाय नाही मिळाली हे चारचौघांत गेलं तर नजर लागते, आणि मग मिळणारीही मिळत नाही, यावर तिचा ठाम विश्वास होता.

एका आठवड्यात म्हसळा आणि आसपासच्या चार गावांत सफा डॉक्टर झाली. व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट यायला लागले. कुणाचा एक्स-रे, कुणाची सोनोग्राफी, एका चुलतकाकांच्या दाताचा फोटो. सफा प्रत्येकाला नीट उत्तर द्यायची, की मला यातलं सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा. लोकांना वाटायचं, पोरगी किती नम्र आहे. तिकडे लिफ्टमध्ये रोशनभाभी मास्टर्सच्या शुभेच्छा द्यायची. सफा तिलाही थँक यू आंटी म्हणायची. आईला मात्र ती एका शब्दाने काही बोलली नाही, आणि शहनाझने गृहीत धरलं की तिला पटलंय.

ऑगस्ट संपत आला. मास्टर्सची सीट रविवारी दुपारपर्यंत ठेवू, नंतर दुसऱ्याला देऊ, असा युनिव्हर्सिटीचा निरोप आला. आणि नेमका शनिवारी रोशनभाभीच्या नातवाचा अकिका, म्हणजे बारशाचं जेवण. त्यात सुरैय्याआपा व्हिजिट व्हिसावर अबुधाबीजवळ मुसफ्फाला आपल्या मुलाकडे, फहदकडे आलेली. यूनुसने मोठ्या हौसेने बहिणीला फोन केला, "आपा, शनिवारी इकडेच या. रोशनभाभींनी तुम्हालाही बोलावलंय."

"तुम्ही मला विचारलं का?" शहनाझ म्हणाली.

"त्यात काय विचारायचं? माझी बहीण आहे."

रात्री शहनाझने मनात बेत केला की आपाला बेडरूममध्ये म्हाताऱ्या बायकांत बसवायचं, रोशनभाभी पाहुण्यांच्या गडबडीत असेल, दोघींची गाठ पडणार नाही. कसलं काय! जेवण आलं ते मंदीचं, अरबी पद्धतीचं. भाताचा ढीग, त्यावर मटण, आणि एका थाळाभोवती सहा-सात जणी. रोशनभाभीने सुरैय्याआपाचा हात धरला आणि मानाची पाहुणी म्हणून तिला आपल्याच थाळावर घेतलं. बाजूला हिबा, समोर सफा आणि शहनाझ. एका थाळावर बसलं की तोंड फिरवून बसायची सोय नसते.

"आपा, मुबारक हो," रोशनभाभी भातात हात घालत म्हणाली. "तुमची भाची मास्टर्स करतेय."

"मास्टर्स कसलं?" आपा म्हणाली. "तिला मेडिकलची सीट मिळालीय. एक वर्षाने कॉलेज. आत्ता मोकळी आहे पोरगी. शहनाझनेच सांगितलं."

"मला तर शहनाझनेच मास्टर्स सांगितलं."

सगळ्यांचे हात थाळात थांबले. सगळ्या शहनाझकडे बघायला लागल्या. आणि शहनाझने, सवयीने, तिसरी बातमी दिली.

"दोन्ही! दोन्ही करतेय ती."

"दोन्ही कसं, आंटी?" हिबाने विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं. "दे डोन्ट अलाऊ दॅट."

तेवढ्यात सुरैय्याआपाने विषयच बदलला. तिने डाव्या हाताने पर्समधून घडी घातलेला एक रिपोर्ट काढला आणि थाळावरून सफापुढे धरला. "ते मास्टर्स-फास्टर्स राहू दे. हे बघ जरा. गावाला कॅम्पमध्ये रक्त तपासलं होतं. तिथल्या डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्यात, पण मी सुरू नाही केल्या. म्हटलं, आधी आपल्या सफाला दाखवू. घरची डॉक्टर असताना परक्याचं कशाला ऐकायचं?"

सफाने रिपोर्ट हातात घेतला. तीन महिन्यांची सरासरी शुगर अकराच्या वर होती. कागदावरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची.

"फुफी, गोळ्या अजून नाही घेतल्या?"

"तुझ्यासाठीच थांबले ना."

शहनाझला वाचता येत होतं, पण त्या आकड्याचा अर्थ कळत नव्हता. सफाचा चेहरा मात्र तिला कळला. ती पटकन म्हणाली, "काही नसेल, आपा. थोडी शुगर सगळ्यांनाच असते."

"अम्मी, नको," सफा म्हणाली. आवाज चढला नव्हता. मग ती आपाकडे वळली. "फुफी, मी डॉक्टर नाही. मला सीट मिळालेली नाही. इंटरव्ह्यूनंतर त्यांनी नाही म्हटलं. मास्टर्स करेन की गॅप घेईन, तेही मला माहीत नाही. पण तुमची शुगर खूप जास्त आहे. हे चांगलं नाही. तुम्ही आजच डॉक्टरकडे जायचं, आज म्हणजे आजच."

रोशनभाभीने आधी आपल्या पुढ्यातली गोड भाताची वाटी आपापासून लांब सरकवली. हिबा रिपोर्ट बघायला पुढे झाली आणि तिनेही मान हलवली. "मग दोन महिने मी कुणासाठी थांबले होते?" आपाने विचारलं. ती रागावली नव्हती, तिला समजतच नव्हतं. शहनाझला त्या क्षणी वाटलं की जमिनीने पोटात घ्यावं.

खाली पुरुषांत बसलेल्या यूनुसला आणि फहदला निरोप गेला. ते दोघं आपाला तसेच क्लिनिकला घेऊन गेले. शहनाझ आणि सफा जिना उतरून आपल्या घरी आल्या. दुपार कलली होती, घरात एसीचा आवाज तेवढा येत होता. सफाने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. मास्टर्सचा मेल तिथेच उघडा होता. शहनाझ समोरच्या खुर्चीवर बसली आणि रडायला लागली.

"आपाला काही झालं असतं तर?" ती म्हणाली. "मी कुणाचं वाईट नव्हतं केलं गं."

"आय नो, अम्मी."

"तुलाही तोंडघशी पाडलं. तू मला आधी का नाही अडवलंस?"

सफा मराठीत बोलली. एरवी आईशी ती अर्धंमुर्धं इंग्रजीत बोलायची आणि अडचणीचं काही आलं की शहनाझ न समजल्यासारखं करायची. आज सफाने ती वाट ठेवली नाही.

"मी दोन महिने काय करत होते माहितेय? मास्टर्स घेतलं तर तू फुफीकडे खोटी ठरतेस. गॅप घेतला तर रोशनआंटीकडे. कशात तुझी कमी बेइज्जती होईल, तेच बघत बसले होते. मला काय हवंय, तिथपर्यंत मी गेलेच नाही."

शहनाझचं रडणं थांबलं. लेक रोज जेवताना काय विचारत होती, ते तिला आत्ता कळलं. मास्टर्स घे म्हणावं, तर सांगण्यासारखी दहा कारणं तिच्याकडे होती. गॅप घे म्हणावं, तर त्याचीही दहा होती. दोन्हीकडची वाक्यं तोंडपाठ होती तिला. त्यातलं आपलं कुठलं, हे तिने शोधून पाहिलं, तर एकही नव्हतं.

"मला नाही गं कळत," ती म्हणाली. "तुझ्यासाठी काय चांगलं, मला खरंच नाही कळत."

"मला पण नाही," सफा म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचे खांदे जरा सैल झाले. उद्या दुपारपर्यंत काय लिहायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं. सफा लॅपटॉपकडे न बघता खिडकीकडे बघत होती. मग ती म्हणाली, "इंटरव्ह्यूत काय झालं, सांगू तुला?"

हे शहनाझने कधी विचारलंच नव्हतं. नाही मिळाली कळल्याबरोबर ती झाकायच्या मागे लागली होती.

"सांग," ती म्हणाली.

"त्यांनी विचारलं, तू कधी कुणाला वाईट बातमी दिली आहेस का? कशी दिलीस, तेवढं सांग. मला एकही आठवेना. आपल्या घरात कुणी देतच नाही. मग मी पुस्तकातलं काहीतरी बोलले. त्यांना ते कळलं, अम्मी. त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं मला."

शहनाझच्या ओठांवर आलं होतं, की प्रश्नच चुकीचा होता, त्यांनाच माणसाची पारख नाही, तू छानच बोलली असशील. सफा तिच्याकडे बघत होती. शहनाझ काही बोलली नाही.