नानांच्या झोपेची वायर

आमच्या नानांना झोपायला वीज लागते.

नाना म्हणजे माझे वडील, वय वर्षं ब्याऐंशी. घोरता घोरता मध्येच त्यांचा श्वास थांबतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक मशीन दिलं आहे. त्याच्या नळीचा मास्क नाकावर चढवायचा, बटण दाबायचं, की नाना शांत झोपतात. मशीन नसेल तर ते झोपत नाहीत, आणि ते झोपले नाहीत की पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला त्याची झळ पोचते.

एरवी यात अडचण नव्हती. अडचण होती ती भाऊबीजेची. नानांची धाकटी बहीण, आमची कुसुमआत्या, नीरेच्या पुढे एका गावात राहते. तिथे वीज म्हणजे पाहुणी, आली तर आली. शिवाय खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आत्यानं घराचा उंबरा ओलांडलेला नाही. म्हणजे ती येऊ शकत नाही आणि हे जाऊन राहू शकत नाहीत. दोन वर्षं मोबाइलवर भाऊबीज झाली. आत्यानं तिकडे फोनलाच ओवाळलं, पडद्यावर कुंकूसुद्धा लावलं. इकडे नानांनी गंभीरपणे कपाळ पुढे केलं. फोन बंद झाल्यावरही ते बराच वेळ पाटावरून उठले नाहीत. पुढच्या भाऊबीजेला ह्यांना न्यायचंच, असं मी ठरवलं.

"संध्याकाळी ओवाळून घेऊ आणि रात्री परत येऊ," मी सुचवलं.

"तोंड दाखवून परत यायला मी काय पोस्टमन आहे?" नाना म्हणाले. "भाऊबीजेला बहिणीकडे मुक्काम करतात."

तेव्हा मला कल्पना सुचली. (मला कल्पना सुचली की घरचे लोक आपापल्या खोलीत जातात.) आपल्या जुन्या जीपमागे एक छोटा ट्रेलर लावायचा. त्यात नानांचा पलंग, कमोड, छोटा फ्रीज आणि मशीन चालवायला एक बॅटरी. जीप पळेल तशी ट्रेलरची बॅटरी आपोआप चार्ज होत जाईल. मुक्कामी पोचलो की नानांची झोप पक्की!

"त्यापेक्षा नुसती बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन गेलो तर?" मेधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

प्रश्न चांगला होता. पण तोवर मी वाघोलीच्या पवारांना ट्रेलरची ऑर्डर देऊन बसलो होतो.

पवार खरे तर वडापावच्या गाड्या बनवतात. त्यांनी ट्रेलर फार मन लावून केला, फक्त सवयीनं एका बाजूला भली मोठी खिडकी ठेवली, वर उचलायचं झाकण आणि खाली स्टीलचा कट्टा. मी विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, हवा येती." जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "सायेब, जीपमधनं चार्जिंग करायचं तर वायर करंगळीयेवढी जाड घ्या. दोन्ही टोकाला फ्यूज टाका. आन् मधी चार्जर बसवा, म्हंजी जीप बंद झाली की लाइन तुटती. न्हाय तर उभ्या जागेला ट्रेलर जीपचं रगत पिऊन टाकील."

मी हसलो. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. एकतीस वर्षं एका मोठ्या कारखान्यात काढली. (खरेदी विभागात. केबलच्या कागदांवर मी किती सह्या केल्या असतील याला गणती नाही. केबलला हात मात्र लावला नव्हता.) सोसायटीच्या गणपतीच्या रोषणाईची वायर माझ्याकडे उरलेली होती. घरच्या इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरीही बाल्कनीत पडून होती. चांगली वस्तू वाया घालवायची नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. ती वायर मी जीपच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत सरळ ओढली. मध्ये फ्यूज नाही, चार्जर नाही, काही नाही. काळ्या टेपनं गुंडाळल्यावर ती दिसायलाही बरी दिसत होती.

भाऊबीजेच्या सकाळी नाना एक आकाशकंदील घेऊन खाली आले.

"हा कशाला?" मी विचारलं.

"दिवाळीत घरावर आकाशकंदील नाही?"

"नाना, तो ट्रेलर आहे."

"आज माझं घर तेच आहे. लाव."

मी लावला. आत साठ वॉटचा पिवळा बल्ब, कारण नानांना तो पांढरा उजेड दवाखान्यासारखा वाटतो. बटण बसवायला वेळ नव्हता म्हणून जोडला थेट. फ्रीजमध्ये मेधानं ओल्या नारळाच्या करंज्या आणि श्रीखंड ठेवलं. साडेदहाच्या लख्ख उन्हात, पेटलेला आकाशकंदील मिरवत, आम्ही सासवडच्या रस्त्याला लागलो. सिग्नलला लोक फोटो काढत होते.

नीरा ओलांडली तेव्हा बारा वाजून गेले होते. पुढे कालव्याकाठच्या एका चिंचेखाली आम्ही डबे उघडले. जेवण झालं आणि नानांनी घड्याळ बघितलं. एक ते चार ही त्यांची झोपेची वेळ. ती कुणाच्या लग्नासाठीसुद्धा कधी चुकली नाही, माझ्याही.

"नाना, अकराच किलोमीटर राहिलेत. आत्याकडे जाऊनच झोपा."

"दोन वर्षांनी बहिणीकडे जायचं आणि पहिलं काम काय, तर झोपायचं? चारला उठू, साडेचारला तिच्या दारात. ओवाळायचं तर संध्याकाळी चंद्र बघूनच आहे."

या शेवटच्या वाक्यात सगळं होतं. आत्या कडक. भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळणार, मग भावाला. आणि बीजेची ती कोर दिवस मावळल्यावर तासाभरात बुडते. ती चुकली की पुन्हा वर्षभर फोन.

नाना ट्रेलरमध्ये झोपले. मशीन सुरू. फ्रीज सुरू. भर दुपारी आकाशकंदील सुरू. मेधा वायरीजवळून गेली आणि थबकली.

"अहो, ही वायर गरम लागतेय."

"उन्हात आहे ना."

"ती सावलीत आहे."

"मग करंट जातोय. चांगलं लक्षण आहे," असं म्हणून मी जीपच्या मागच्या सीटवर आडवा झालो. इतक्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात फार कमी वेळा झोपलो असेन.

पावणेचारला नानांच्या हाकेनं जाग आली. मशीन बंद पडलं होतं, आणि मशीन बंद म्हणजे नाना जागे.

"वीज गेली," ते शांतपणे म्हणाले. "क्षणभर वाटलं, घरीच आहोत."

"काही नाही, जीप सुरू करतो की येईल." मी किल्ली फिरवली. कट्. परत फिरवली. कट्. तिसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. घरची म्हातारी बॅटरी कधीच मान टाकून बसली होती. तीन तास मशीन, फ्रीज आणि कंदील यांना पोसत होती ती बिचारी जीप. पवार म्हणाले होते ते रक्त पिण्याचं काम माझ्या वायरीनं चोख केलं होतं.

ट्रेलर सोडून मी आणि मेधानं जीप ढकलून पाहिली. जीप हलली नाही, माझी कंबर हलली. शेवटी मी आत्याच्या मुलाला, बापूला, फोन केला.

"ट्रॅक्टर घिऊन यतो की दादा," बापू म्हणाला. "पर जरा टाइम लागंल. टायर काढलाय, बसवाय पायजे."

"आत्याला सांगू नकोस."

"ती हितंच हाय. तिनंच फोन उचलाय लावला."

पाच वाजले. साडेपाच वाजले. नाना ट्रेलरमध्ये पलंगावर बसून होते, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, मांडीवर आत्याच्या साडीचं पुडकं. हवा यावी म्हणून मी खिडकीचं झाकण उचलून दिलं. पाच मिनिटांत दोन मोटरसायकलवाले थांबले.

"काका, दोन वडापाव."

"संपले," नाना म्हणाले.

"भजी?"

"तीही."

एरवी यावर मी पोट धरून हसलो असतो. पण नानांनी ते माझ्याकडे न बघता म्हटलं होतं. त्यांचं लक्ष पश्चिमेकडे होतं. त्यांनी माझ्यावर ओरडायला हवं होतं. निदान मी कोणत्या कॉलेजातून पास झालो, ते तरी नेहमीसारखं विचारायला हवं होतं.

दिवस मावळला आणि उसाच्या तुऱ्यांवर चंद्राची बारीक कोर दिसली. तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. बापू चालवत होता. मागे ट्रॉली, ट्रॉलीत दोऱ्यांनी बांधलेली प्लॅस्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत नऊवारी नेसून, पदराखाली ताट झाकून, आमची कुसुमआत्या!

"मी न्हाई म्हणत हुतो," बापू उतरता उतरता म्हणाला. "आयकंल तर शप्पत. चौघांनी खुर्चीसकट उचलून ठिवलीय."

आता आत्याला ट्रॉलीतून खाली उतरवणं शक्य नव्हतं आणि नानांना वर चढवणं तर त्याहून नाही. चंद्र खाली चालला होता. बापूनं एकदा ट्रॉलीकडे बघितलं, एकदा ट्रेलरकडे, आणि ट्रॅक्टर मागे घेत घेत ट्रॉली खिडकीला आणून भिडवली. वडापावच्या कट्ट्याच्या अलीकडे नाना, पलीकडे आत्या, दोघंही समोरासमोर. पवारांनी माप घेऊन केलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

आत्यानं निरांजन लावलं. आधी वळून चंद्राला ओवाळलं, मग नानांना. कंदील विझलेला, जीपचे दिवे मेलेले, तेवढ्या एका वातीच्या उजेडात दोघं एकमेकांकडे बघत होते.

"किती म्हातारी झालीस गं कुसुम," नाना म्हणाले.

"फोनवर दिसत नव्हते का?"

"फोनवर तुझा नुसता अंगठा दिसायचा."

आत्या हसली आणि मग रडायला लागली. नानाही. मेधा करंज्या काढायला म्हणून आत गेली ती डोळे पुसतच बाहेर आली. मी जीपचं बॉनेट उघडून उगाच आत बघत उभा राहिलो.

तिथेच बापू आला, त्यानं टॉर्च मारला आणि माझी वायर दोन बोटांत धरली. टेपखालचं प्लॅस्टिक वितळून तारा उघड्या पडल्या होत्या.

"दादा, आजून थोडा येळ चालली असती तर पेटली असती," तो हळू आवाजात म्हणाला. "मामा आत झोपल्यालं हुतं न्हवं?"

मी नानांसाठी घर केलं होतं आणि त्यांच्या उशाशी जाळ ठेवला होता. मी ती वायर तिथेच उपटली आणि कालव्यात टाकायला निघालो. (मेधानं परत आणायला लावली, कालवा घाण होतो म्हणून.) ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जीप सुरू झाली. नानांचा मुक्काम आत्याकडे झाला, आणि बापूनं ट्रॅक्टरची बॅटरी काढून पलंगाशी लावली, त्यावर मशीन सकाळपर्यंत चाललं.

पुढच्या दिवाळीला मी सगळं पवारांच्या ताब्यात दिलं. करंगळीएवढी वायर, दोन्ही टोकांना फ्यूज, मध्ये चार्जर, नवी बॅटरी. मी हातसुद्धा लावला नाही. जीप कुठे बंद पडली नाही, कुठे काही तापलं नाही, नानांची झोप चारपर्यंत यथासांग झाली आणि बरोबर साडेचारला आम्ही आत्याच्या दारात उभे राहिलो.

दारात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉली धुतलेली, खुर्ची बांधलेली, आणि खुर्चीत नवी नऊवारी नेसून आत्या. दुपारी दोनपासून ती माझ्या फोनची वाट बघत बसली होती.

आमची धडधाकट जीप बघून तिचा चेहरा पडला.

"एवढा इंजिनियर झालास," ती मला म्हणाली, "पण एक गाडी वेळेवर बंद पाडता येत नाही तुला."