पावणेदहाची शांतता

सगुण न्हाणीत पडला तेव्हा नऊ पंचेचाळीस झाले होते. पडता पडताही त्याने वेळ पाहिली. जन्माची खोड. दारातून समोरच्या भिंतीवरचे घड्याळ दिसायचे; त्याचा मोठा काटा नुकताच तांबड्या पट्ट्यात शिरला होता.

ते बोटीच्या रेडिओखोलीतले घड्याळ. दर तासाला दोनदा, पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तीन मिनिटे साऱ्या समुद्राने गप्प राहायचे. मध्यम लहरीवर कुणी मोर्सचे टिंबसुद्धा पाठवायचे नाही, म्हणजे कुणी बुडत असेल तर त्याची क्षीण हाक ऐकू येईल. जगभरचा कायदा. तेवढी मिनिटे तबकडीवर तांबडी रंगवलेली. बोटीवरचा रेडिओ ऑफिसर म्हणून चोवीस वर्षे सगुणने तो पाळला. मग बोटी उपग्रहावरून बोलू लागल्या, किनाऱ्यावरची केंद्रे एकेक करून त्या लहरीवरून उठली आणि नव्व्याण्णव साली तो कायमचा पेडण्याला परतला. भंगारात चाललेले घड्याळ तेवढे सोबत आणले.

समुद्राने सोडलेला कायदा त्याने घराला लावला. मिक्सर बंद, नळ बंद, तोंडे बंद. तो जुना रेडिओ लावून खरखरीत कान घालून बसायचा.

"बाबा, त्या लहरीवर आता भूतसुद्धा नाय," मुलगा सिद्धेश म्हणायचा.

"भूत बोललाच, तर ऐकूक कोणतरी नको?"

सून हर्षा लग्नानंतर दोन महिन्यांत सिद्धेशला घेऊन फोंड्याला बिऱ्हाड करून गेली. बायको पद्मावती कुठे जाणार?

एकदा तिच्या माहेराहून, मयेहून, भावाचा फोन आला होता. आई शेवटच्या घटका मोजत होती आणि पद्मालाच विचारत होती. सव्वाचार झाले होते. सगुणने ऐकून घेतले, रिसिव्हर ठेवला आणि एका हाताने तो दाबून धरून दुसऱ्या हाताचा पंजा तिच्यापुढे धरला. चार अठराला त्याने स्वतः नंबर फिरवून दिला. पलीकडे रडारड सुरू झाली होती.



"पद्मा!" सगुणने न्हाणीतून हाक मारली. डावा हात, डावा पाय जणू दुसऱ्या कुणाचे होते. स्वयंपाकघरात नारळ खवण्याचा आवाज थांबला. ती हात पुसत आली. तिने त्याला पाहिले, घड्याळ पाहिले आणि ती उंबऱ्यावर बसली.

"हात उचलत नाय गो."

तिने पंजा वर केला.

त्याला आधी हसूच आले. पण ती उठेना. नियमाचा अर्धा भाग त्याने तिला कधी सांगितलाच नव्हता: शांततेत हाक ऐकू आली तर ऐकणाऱ्याने त्या क्षणी उत्तर द्यायचे असते. घरी इतक्या वर्षांत एकही हाक आली नाही, मग सांगणार कशाला? ते सांगायला त्याने आता तोंड उघडले. "उत्तर..." एवढेच आले. पुढचे शब्द लाळेबरोबर हनुवटीवर ओघळले.

ती मान जराशी तिरकी करून ऐकत होती. इतके लक्ष देऊन त्याचे बोलणे तिने कधी ऐकले नसेल. तिला तो उरलेला नियम ठाऊक असता तर ती उठली असती का, हे तिच्या तोंडावरून कळत नव्हते.

काटा पट्ट्याबाहेर पडला.

"आता बोला," ती म्हणाली.

घशातून नुसती घरघर आली. "कायच समजत नाय," म्हणत ती उठली आणि परसात जाऊन शेजारच्या रंजनाला मोठमोठ्याने हाका मारू लागली.

रुग्णवाहिका आली तेव्हा सव्वादहा झाले होते. स्ट्रेचरचे पट्टे आवळत त्यातल्या माणसाने विचारले, "काकी, कधी पडले? नक्की वेळ सांगा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात."

"नऊ अठ्ठेचाळीस. घड्याळातच बघितलंय मी."

सगुणने आयुष्यात एकही वेळ चुकीची नोंदवली नव्हती. त्याने जोरजोरात मान हलवली आणि उजव्या हाताची तीन बोटे वर केली.

"काय म्हणतात काका?"

"सव्वादहा झाले ना," पद्मावती म्हणाली. "तीन मिनिटं गप्प बसा म्हणतत. तुम्ही घ्या गाडी."

माणसाने कागदावर ९.४८ लिहिले आणि दार ओढून घेतले.