रुसलेल्या व्याह्याची मिशी

कळंबकडच्या वाशीच्या बाजारात पिठाची गिरणी चालवणाऱ्या दीपमालेला पुरुषांविषयी भारी कुतूहल होतं. गैरसमज नको. बाई सत्तेचाळीस वर्षांची, लेकीचं लग्न करून मोकळी झालेली. कुतूहल होतं ते कामापुरतं. माणूस मोटारसायकलच्या किल्लीनं कान का कोरतो? दळणाला दहा मिनिटं लागतील म्हटलं की बाई पायरीवर टेकते. पुरुष मात्र दोन्ही हात पाठीमागं बांधून गिरणीच्या पट्ट्याकडं बघत उभा राहतो, जणू पट्टा त्याच्याच हुकमानं फिरतोय. आणि बोलायच्या आधी खाकरतो तो नक्की कशासाठी? पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उचलून दीपमाला हे सगळं टिपून घ्यायची आणि घरी आरशापुढं करून बघायची.

कारण महिन्यातून चार-पाचदा तिला स्वतःला पुरुष व्हायचं असे. मल्लम्माअक्का नावाच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या उमरग्याकडच्या, बायकांचं एक कलापथक चालवायच्या. गणपती, नवरात्र, संक्रांतीची हळदीकुंकवं, कुठंही बोलावणं आलं की आठ जणी जीपमधून निघायच्या. आधी गाणी, मग फुगड्या आणि शेवटी ‘रुसलेला व्याही’ हे सोंग. लग्नाच्या पंगतीत वरबाप रुसतो, ताटाला पाठ फिरवून बसतो आणि मुलीकडच्या बाया त्याची मनधरणी करतात, एवढीच गोष्ट. पण समोर बसलेल्या प्रत्येकीनं असा एखादा व्याही प्रत्यक्ष सोसलेला असल्यामुळं पहिल्या खाकरण्यालाच मंडप हसायला लागे. हा व्याही गेली सात वर्षं दीपमाला करत होती.

पुरुष होणं सोपं, त्याची निगा राखणं अवघड. पहिल्या वर्षी तिनं छाती सपाट दिसावी म्हणून दवाखान्यातली लांब पट्टी करकचून गुंडाळली. सास्तूरला खेळ रंगात आला आणि व्याह्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिथल्या नर्सबाईंनी आडोशाला नेऊन पट्टी सोडली. म्हणाल्या, “बाई, फासळ्या हायत ह्या. उसाची मोळी न्हाय.” मग त्यांनीच युक्ती दिली. आत घट्ट सुती गंजी घालायची आणि पोटावर दोन टॉवेल बांधायचे. पोट मोठं झालं की छातीकडं कुणाचं लक्षच जात नाही. दीपमालेनं आजूबाजूला बघितलं तेव्हा तिला कळलं की गावातल्या बऱ्याच पुरुषांनी ही युक्ती टॉवेलशिवायच साधली आहे.

कपड्यांचंही तिनं असंच शोधून शोधून बसवलं होतं. काळा कोट पाण्यात घातला की गेला, म्हणून काखेत जुन्या लुगड्याचे तुकडे टाचलेले. प्रयोग झाला की तेवढेच उसवून धुवायचे आणि कोट उलटा करून उन्हात टाकायचा. धोतराला साबुदाण्याची खळ, पण पातळ. घट्ट झाली तर बसताना धोतर फटाक्यासारखं वाजतं. फेट्याची घडी घालायला मात्र दुसरं टोक धरणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे तिचे यजमान, कुमार. टोक धरून ते दरवेळी म्हणायचे, “माझ्या शर्टाची एवढी घडी कधी घातली न्हाईस.”

“तुमचा शर्ट बघायला दोनशे बाया येतात का?”

कुमारराव विचार करत टोक जवळ आणायचे.

आणि मिशी. खऱ्या केसांची, झुपकेदार, वाटीच्या पाठीवर बसवून ठेवलेली. डिंकानं चिकटवायची आणि उतरवताना ओढायची नाही. खोबरेल लावून गाणं गुणगुणत बसायचं, ती आपणहून सुटते. सात वर्षांत ओठाला कधी साधी पुळी आली नव्हती.

चूक झाली ती यंदाच्या जानेवारीत. भाचीच्या साखरपुड्यासाठी दीपमाला करिश्माच्या पार्लरमध्ये भुवया करायला गेली. दोरा चालूच होता म्हणून करिश्मानं वरच्या ओठावरची लवही काढली. दुसऱ्या दिवशी कळंबला प्रयोग. त्या सोललेल्या ओठावर तिनं नेहमीसारखा डिंक लावला. व्याही त्या दिवशी इतका मनापासून कळवळला की बायांनी जास्तच टाळ्या वाजवल्या. मिशी उतरली तेव्हा खाली ओठ टोमॅटोसारखा झालेला.

डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, “हे काय लावलं होतं?”

“मिशी.”

“कशाला?”

“व्याही हाय मी.”

डॉक्टरांनी चष्मा खाली केला. मलम दिलं आणि पंधरा दिवस ओठाला काहीही चिकटवायचं नाही असं बजावलं.

ढोकीचं हळदीकुंकू सहा दिवसांवर होतं. मल्लम्माअक्का म्हणाल्या, “दीपा, या वेळी व्याही राहू दे. फुगड्या वाढवू.”

दीपमाला “बरं अक्का” म्हणाली आणि गिरणीत येऊन बाजरीत ज्वारी ओतून बसली. एका सोंगाचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण तिला लहानपणापासून रुसताच आलं नव्हतं. माहेरी पाच बहिणींत ती थोरली. सासरी आल्यावर एकदा जेवायची नाही म्हणून बसली, तर सासूनं शांतपणे तिची भाकरी झाकून ठेवली आणि सगळे झोपले. “काय झालं, जेव की” असं तिला आयुष्यात कुणी दोनदा म्हटलं नव्हतं. तेवढं या कोटात असताना म्हणत होते. चार-चार बाया पुरणाचं ताट घेऊन मागं लागत होत्या. व्याही गेला तर तिची रुसायची एकमेव जागा जात होती.

ती इलाजाला लागली. काजळानं मिशी काढून बघितली. घामानं ती दहा मिनिटांत हनुवटीवर आली.

“जांभळं खाल्ल्यावानी दिसतंय,” कुमारराव म्हणाले.

मग मिशीला रबर लावून कानांमागं अडकवली.

“आता करोनातला मास्क सरकल्यावानी दिसतंय.”

चौथ्या दिवशी ती पार्लरला गेली. भांडायला नव्हे, ओठ दाखवायला. करिश्मा ओशाळली. “काकू, एक दिवस आधी दोरा मारला की डिंक लावत न्हाईत. तुमी सांगायचं न्हाय का, उद्या मिशी हाय म्हणून?”

“सगळ्या बाया तुला असं सांगतात का?”

करिश्मा हसली. तिच्या मागच्या भिंतीवर नवरीसाठी भाड्यानं द्यायचे दागिने टांगलेले होते. त्यात ओळीनं नथी. दीपमाला त्यांच्याकडं बघत राहिली, तशीच, गिरणीतल्या माणसांकडं बघायची तशी.

“करिश्मा, त्या दाबाच्या नथी हायत ना? नाक न टोचता बसणाऱ्या?”

“व्हय.”

“ती नाकपुडीच्या ऐवजी मधल्या पडद्याला बसंल का?”

एका नथीचे मोती निघाले. उरलेल्या तारेला करिश्मानं पकडीनं बाक दिला, टोकांना रुतू नये म्हणून सुती दोरा गुंडाळला आणि मिशीच्या मध्यावर नायलॉनच्या दोऱ्यानं ती शिवली. दीपमालेनं श्वास रोखून ती नाकात अडकवली. मिशी ओठाच्या जरा पुढं तरंगत राहिली. कातडीला शिवतसुद्धा नव्हती. पहिली शिंक आली तेव्हा मिशी आरशावर जाऊन आदळली. तार पकडीनं अजून जरा दाबली. दुसरी शिंक तारेनं सहन केली. ती मिशी बघून मल्लम्माअक्कांनी वाढवलेल्या फुगड्या परत कमी केल्या.

रविवारी दुपारी ढोकीला साखर कारखान्याच्या वाटेवरचा मंडप बायांनी भरला होता. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. व्याही आला, हात मागं बांधून उभा राहिला, खाकरला आणि बोलला. नाकाला चिमटा असल्यामुळं आवाज निघाला तो पडशानं कोंडलेला. जानेवारीची थंडी, बायांना वाटलं, व्याह्याला सर्दी झालीय. सर्दी झालेला व्याही रुसलाय, हे त्यांना नेहमीच्या व्याह्यापेक्षा खरं वाटलं. घास भरवायला कुणी पुढं झाली की त्याला दोन बोटांनी मिशी पडद्यासारखी वर उचलून तोंड दाखवावं लागे आणि मग नकारार्थी मान हलवून तो पडदा परत पाडी.

ठरल्याप्रमाणं तिसऱ्या विनवणीला व्याही उठतो. दीपमाला उठली नाही. चौथी झाली, पाचवी झाली. विहीणबाई झालेल्या मल्लम्माअक्का ताट पुढं करत दातांमधून पुटपुटल्या, “बास की गं, जीपवाला खोळंबलाय.” व्याह्यानं पाठ आणखी फिरवली. तेवढ्यात प्रेक्षकांतून गिरिजाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या आजी उठल्या, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. व्याह्यासमोर बसून त्यांनी कोटाच्या बाहीवर हात ठेवला.

“काय झालं, बाबा? जेव की. किती येळ उपाशी बसशील?”

मंडप हसत होता. दीपमालेनं त्यांच्याकडं बघितलं, मिशी वर उचलली आणि म्हणाली, “अजून एकदा म्हणा.”

गिरिजाबाईंनी अजून एकदा म्हटलं. मग व्याही जेवला.