कुठल्याच गाडीला न बसणारं झाकण

माझ्या मामाला अख्खं मार्केट ‘लावून बघ’ म्हणतं. जुन्या गाड्यांचे पार्ट विकतो. मॉडेल तेच आहे, नुसतं साल वेगळं, असं गिऱ्हाईक म्हणालं तरी ऐकत नाही. “सख्ख्या भावाचा बूट तरी बसतो का? लावून बघ!” त्याला कोणी हसलं की माझं डोकं फिरतं.

एक डिकीचं झाकण मात्र तो विकत नाही. ते धाकट्या मामाच्या गाडीचं. त्याची गाडी मागून ठोकली गेली, चौकट वाकली. मामाने त्या वाकड्या चौकटीच्या मापाने झाकण ठोकून काढलं. ते लावायच्या आधीच धाकटा तशीच गाडी घेऊन गेला, तो गेलाच. ना माणूस, ना गाडी. धाकटी मामी अजून दोघांचा स्वयंपाक करते. आणि त्या मॉडेलची गाडी आली की मामा ते झाकण लावून बघतो. बसत नाही.

परवा भर दुपारी एक टॅक्सीवाला आला. “कुठलंच झाकण टिकत नाही हो. चालता चालता उडतं.”

मॉडेल तेच, पण कागदावर साल बरंच पुढचं. तरी मामाने धाकट्याचं झाकण उचललं. मी म्हटलं, “मामा, या सालाच्या बिजागऱ्यासुद्धा वेगळ्या, कशाला कंबर मोडतोस?”

“लावून बघ.”

बसलं. केसाएवढी फट नाही.

मामा पांढराफटक पडला. “आत बस.”

आमच्याकडे एकाने डिकीत बसून उजेड शिरतो का बघायचं, मग आतून दोनदा वाजवायचं. मी शिरले. मिट्ट काळोख. हाताला वेल्डिंगची आडवी रेघ लागली. दोन गाड्या कापून एक केलेली. पुढचा भाग नवा, मागचा आमचा.

झाकण उघडलं. “एवढं काय बडवतेस?” मामा म्हणाला.

“मी वाजवलंच नाही.”

टॅक्सीवाला घाईला आला. “दोन हात फिरून आलीय, मला काही माहीत नाही. किल्ली द्या.”

किल्ली मी मुठीत धरली होती.

“तुझ्या बापाची गाडी आहे का?”

“माझ्या मामाची आहे.”

धाकट्या मामीला फोन केला. पिठाच्या हातांनीच आली. काही न विचारता डिकीत शिरली, गुडघे पोटाशी घेतले. “लावा.”

लावलं. मामाने पत्र्याला कान लावला.

“वाजवतेय?” मी विचारलं.

“नाही. बोलतेय,” मामा म्हणाला. “मधेमधे थांबून.”

टॅक्सीवाल्याने परत किल्ली मागितली नाही.