बापूकाकांचा रिकामा पाट

बापूकाका आमच्याकडे रोज यायचे, पण त्यांना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, बगलेत छत्री आणि चहाची बशी उभ्याउभ्याच तोंडाला. "बसा की हो काका," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसतोय कुठला मास्तरीणबाई! लय कामं हाईत." बशी खाली टेकायच्या आत माणूस जिन्यात. मला भारी राग यायचा. पाहुणा घटकाभर बसलाच नाही, तर चहा पाजल्यासारखं वाटतं का?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सांगलीत मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते, आणि आम्ही नवराबायको नदीजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. शेजारच्या दोन खोल्या बापूकाका आणि ताराकाकूंच्या. दोघं मूळचे पलूसकडचे. काका हळदीच्या पेठेत दलाल. तिथे भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली हातात हात घालून बोटांनी ठरवायचा. काकांची बोटं त्यामुळे कायम पिवळी असत आणि घरी आल्यावरही हलत असत. ताटावर बसले तरी एक गुडघा उभा, म्हणजे उठायला सोपं.

काकूंना मूलबाळ नव्हतं. लग्न झाल्यापासून भाड्याच्या घरात काढलेल्या त्या बाईला आयुष्यात एकच हवं होतं, स्वतःचं घर. काकांनी मिरज रस्त्याला दोन मजली इमारत बांधायला घेतली, तेव्हापासून काकू रोज मला विचारायच्या, तुळस दारासमोर ठेवू का परसात? मीही रोज नवं उत्तर द्यायची. भिंतींना रंग लागला आणि काकूंनी डबे घासून ठेवले. आता वास्तुशांत झाली की राहायला जायचं.

तेवढ्यात काका कुठूनसा एक सिनेमावाला घेऊन आले. गळ्यात रुमाल, डोळ्यांवर घरातही काळा चष्मा. त्याला भुताच्या चित्रपटासाठी झपाटलेली इमारत हवी होती. पडकी जागा कुणी देईना, म्हणून तो म्हणाला, नवीच चालेल, नव्या घरातलं भूत अजून कुणी दाखवलेलं नाही! काका खूश. इमारत पडद्यावर दिसली की वरच्या मजल्याला भाडेकरू धावत येतील, असा त्यांचा हिशेब. झपाटलेल्या घरात कोण धावत येतं, हे विचारायला काका थांबले तर ना.

मी एका रविवारी काकूंबरोबर चित्रीकरण पाहायला गेले. आता काय सांगावं! नव्या भिंती जुन्या दिसाव्यात म्हणून त्या दिवट्याने त्यांवर काकवी आणि काजळी फासली होती. सांगलीत काकवीला काय तोटा? पण तासाभरात सगळ्या इमारतीच्या मुंग्या भिंतीवर. भुताचं काम करणारा पोरगेला नट पांढरं लुगडं नेसून किंचाळायच्या ऐवजी पोटऱ्या खाजवत होता. वटवाघळं छत्रीच्या कापडाची होती, आणि त्यातली एक छत्री काकांचीच निघाली.

चित्रपटात वास्तुशांतीचंही एक दृश्य होतं, आणि इथेच काकांनी घोळ घातला. "येवीतेवी भटजी आनायचा, होम पेटवायचा," ते म्हणाले, "तर खरीच करू की वास्तुशांत. एका हेलपाट्यात दोन कामं!" हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नाला गेले की तिथेच हळदीचा सौदा, आणि सासऱ्याच्या दहाव्याला गेले तेव्हा येताना बैल घेऊन आले. काकू नको नको म्हणत होत्या. शेवटी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पाटावर बसल्या.

काकाही बसले. संकल्प झाला. मग दिव्याची वायर रंगाला घासतेय म्हणून उठले. परत बसले. कुणीतरी जिन्यावर खिळा ठोकतंय म्हणून उठले. भटजी म्हणाले, "यजमान, बसा." "आलो आलो!" पण ते आलेच नाहीत. कॅमेरा चालू, भटजींचे मंत्र चालू, पूर्णाहुतीही झाली.

चित्रपटाचं नाव दोन-तीनदा बदललं. शेवटी जे पडलं, ते आज कुणालाच आठवत नाही. सांगलीत लागला तेव्हा आम्ही सगळे दुपारच्या खेळाला गेलो. काकांनी पेठेतल्या निम्म्या माणसांना बोलावलं होतं. भूत आलं की लोक हसत होते. भुताच्या पायात कोल्हापुरी वहाणा दिसल्या, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, वाजतील त्या, काढ की गड्या!" मीही पोट धरून हसले.

मग वास्तुशांत आली. पडद्यावर होम पेटलेला, काकू पाटावर, शेजारचा पाट रिकामा. भटजी म्हणाले, "हाताला हात लावा." नवरा आहुती देताना बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा असतो. काकूंचा हात सवयीनं बाजूला गेला, तिथे कुणीच नव्हतं, हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला आणि मांडीवर परत आला. मागच्या बाजूला काका छत्री नाचवत कुणावर तरी ओरडत होते. थिएटरात हशाचा नुसता दणका उडाला. माझ्या मात्र अंगावर काटा आला. अख्ख्या चित्रपटात भयाण म्हणावं असं तेवढंच होतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

चित्रपट चार दिवसांत उतरला. इमारतीला मात्र 'भुताची बिल्डिंग' हे नाव चिकटलं, भाडेकरू फिरकेना. पण काकांवर खरा घाव पडला तो घरातच. काकू म्हणाल्या, "त्या घरात मी पाय ठेवायची न्हाई."

"आगं, भूत म्हंजे त्यो इस्लामपूरचा बाळ्या!"

"भुताला कोन भितंय? आवं, पेठंत दिसभर परक्याच्या हातात हात घालून बसताय. माझ्या हाताला तुमचा हात गावला न्हाई, आन् ते समद्या सांगलीनं बघितलं."

काका दारात उभे होते, ते दारातच राहिले. नंतर काही आठवडे फार वाईट गेले. काकू बोलत नव्हत्या, आणि काका घर ते इमारत, इमारत ते घर नुसत्या चकरा मारत होते, काकवीचे डाग स्वतः घासत होते. रात्री भिंतीपलीकडे त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. एकदा मला म्हणाले, "मास्तरीणबाई, बसायला काय लागतं वो? मला जमतच न्हाई." इतके दिवस ज्या माणसावर मी वैतागले, त्याची मला त्या दिवशी कीव आली.

एके सकाळी ते काकूंसमोर येऊन म्हणाले, "पुन्यांदा करू. तू म्हनशील तवर बसतो." भटजी तेच, होम तोच. या वेळी कॅमेरा नव्हता, फक्त आम्ही शेजारी. काका मांडी घालून बसले. पायाला मुंग्या आल्या असणार, गुडघा थरथरत होता, कपाळावर घाम. मध्येच फाटकाशी कुणीतरी हाक मारली, "बापू, गाडी आलीया!" काकांचा खांदा वर गेला. ते अर्धवट उठलेच. तेवढ्यात भटजी म्हणाले, "हाताला हात लावा." काकूंचा हात गेला आणि या वेळी दंडावर टेकला. काका खाली बसले. पूर्णाहुती झाल्यावर त्यांना दोघांनी धरून उठवावं लागलं.

वरच्या मजल्यावर पहिले भाडेकरू म्हणून आम्हीच राहायला गेलो. तुळस शेवटी दारासमोर लागली. काका लगेच सुधारले असं मुळीच नाही, पेठेची धावपळ तशीच राहिली. फक्त संध्याकाळचा चहा ते काकूंशेजारी पायरीवर बसून घ्यायला लागले.

दशक सरता सरता काकांनी अंथरूण धरलं. मला शाळेची घाई होती, म्हणून दारातूनच विचारलं, "कसं वाटतंय काका?" काकू उशाशी होत्या, त्यांचा हात काकांच्या दंडावर. काकांनी डोळे उघडले, माझ्या एका पायाकडे, उंबऱ्याबाहेरच्या, बघितलं आणि हसले.

"बसा की मास्तरीणबाई," ते म्हणाले, "घाई कसली हाय?"

मी बसले. त्या दिवशी मी शाळेत गेलेच नाही.